दोनदा ग्राइंडिंग करूनही लांब जॉब मधे जाड : मिलिंगच्या खराब टेबलाची दुरुस्ती

मिलिंग मशीनवर लांब जॉब (कापायचा तुकडा) मधोमध जाड येतो आणि टोकांना बारीक. ६०० मिलिमीटरच्या ठोकळ्यात मधे तीन-चार शतांश जास्त भरतात (एक शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग). स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या आसाला) डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तर काटा जागचा हलत नाही. टेबल ग्राइंड करून (दगडी चाकाने घासून) आणलं की काही महिने शांतता, मग पुन्हा तीच तक्रार. शिवाय टी-स्लॉटची (जॉब बांधायच्या, उलट्या टी आकाराच्या खाचेची) कड एकाच जागी तुटते, वेल्डिंग केलं तरी शेजारून परत तुटते.

एवढं सगळं एकाच मशीनवर चालू असेल, तर तिसऱ्यांदा ग्राइंडिंगला पाठवण्याआधी हे वाचा. मी स्वतः एकदा चुकलोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीन बडोद्यातलं, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमधलं. टेबल १२०० मिमी लांब, १४ मिमीचे तीन टी-स्लॉट. मालक तरुण, वडिलांच्या मागे शॉप सांभाळणारा. त्याच्या वडिलांची आणि माझी दांडिया बाजारातली ओळख, त्यामुळे तो मला काका म्हणतो. पहिल्यांदा त्याने बोलावलं तेव्हा टेबलाची दशा बघून माझंच डोकं गरगरलं. ड्रिलची सतरा भोकं, एंडमिल (उभा कटर) घुसून पडलेला चंद्रकोरीसारखा चर, मधल्या स्लॉटची दीड इंच कड गायब, आणि सगळीकडे बारीक बारीक ठोके. मी टेबल उतरवलं, ग्राइंडिंगला दिलं, परत बसवलं, डायल फिरवला. शून्य. चहा प्यायलो आणि घरी आलो.

दोन महिन्यांनी फोन. "काका, टेबल परत बसलं."

टेबल परत बसलं नव्हतं. ते मुळात सरळ झालंच नव्हतं. मधल्या दोन महिन्यांत त्याच्याकडे फक्त छोटे जॉब होते. लांब जॉब आला, त्या दिवशी दोष दिसला. त्याने तेव्हा दुसरीकडून ग्राइंड करून घेतलं आणि वर्षभराने तेच झालं. मग मात्र मी खाली बसून विचार केला.

डायल काय सांगतो आणि काय सांगत नाही

टेबल ज्या सॅडलवर (खालच्या आधारावर) सरकतं, ते टेबलाच्या मानाने आखूड असतं. डायल स्पिंडलला आहे, म्हणजे तो सॅडलच्या वर एकाच जागी उभा आहे. टेबल फिरवलं की टेबलाचा जो भाग सॅडलवर येतो, तोच डायलखाली येतो. आता समजा टेबलाला कमान आलीय, मधे वर आणि टोकांना खाली, पण जाडी सगळीकडे सारखी आहे. डायल काय दाखवेल? शून्य. तो फक्त खालच्या सरक-पृष्ठापासून वरच्या पृष्ठापर्यंतची जाडी मोजतो. कमान त्याला दिसत नाही.

कटरचंही तसंच. कटर एका उंचीवर फिरतो आणि टेबल कमानीवरून झुलत जातं, म्हणून कापलेलं पृष्ठ टेबलाच्या कमानीला समांतर येतं. जॉब जाडजूड आणि तळाशी सपाट असेल तर तो मधे जाड राहतो, टोकांना बारीक होतो. पातळ पट्टी असेल तर क्लॅम्पखाली ती कमानीवर दबते, कापल्यावर सुटून सरळ होते आणि मायक्रोमीटरला सगळीकडे सारखी भरते. म्हणून पातळ आणि आखूड कामांत हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. हिशेबही सोपा आहे. कमान लांबीच्या वर्गाने वाढते. १२०० वर १५ शतांशाची कमान असेल, तर ६०० च्या जॉबमध्ये तिचा चौथा हिस्सा, म्हणजे जेमतेम चार शतांश. ३०० च्या जॉबमध्ये एकच शतांश, तो कोण बघतो?

ग्राइंडिंगवाल्याकडे काय होतं तेही सांगतो. कमान आलेलं टेबल तो उपडं न करता, आहे तसं आपल्या बेडवर ठेवतो आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प कसतो. टेबल बीडाचं (कास्ट आयर्नचं) असलं तरी इतकं वाकतंच. दाबाखाली सरळ झालेलं टेबल वरून ग्राइंड होतं, क्लॅम्प सुटले की कमान परत जागेवर, फक्त आता चकचकीत. त्या माणसाचा दोष कमी, आपला जास्त, कारण आपण सांगतो "वरून साफ करून द्या". पहिल्या खेपेला मीही एवढंच सांगितलं होतं.

खात्री कशी करायची

टेबलाच्या मध्यावर, लांबीच्या दिशेने, चांगली मशीन लेव्हल ठेवा. बुडबुड्याच्या एका भागाला ०.०५ मिमी प्रति मीटर दाखवणारी चालेल. टेबल मधे असताना बुडबुडा मधे आणा. आता टेबल ३०० मिमी उजवीकडे न्या, मग तेवढंच डावीकडे. सरळ टेबलाला बुडबुडा एखादा भाग इकडेतिकडे करेल. आमच्या टेबलाला तो दोन्हीकडे पाच-पाच भाग पळाला, दर वेळी बाहेर गेलेलं टोक खाली.

पण इथे एक घोटाळा आहे. गिब (टेबल आणि सॅडलमधली फट भरणारी पट्टी) ढिली असेल, तर बाहेर लटकलेल्या वजनानेही टोक खाली जातं आणि लेव्हल तेच दाखवते. म्हणून सॅडलवर मॅग्नेट स्टँड लावा, डायलचं टोक टेबलाच्या खालच्या कडेला टेकवा आणि टेबलाचं बाहेरचं टोक लाकडी दांड्याने हलकं उचला. काटा दोन-तीन शतांशांपेक्षा जास्त हलला, तर आधी गिब कसा आणि मग लेव्हलची परीक्षा पुन्हा घ्या. गिब मधे ढिली आणि टोकांना घट्ट होत असेल, म्हणजे मधल्यासाठी कसली की टोकाला टेबल जाम, तर खालची सरक-पृष्ठं मधे झिजली आहेत हे नक्की. बहुतेक जुन्या मशीनचं हेच असतं.

शेवटची खात्री टेबल उतरवून. टेबल तीन टेकूंवर ठेवा, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, आणि टेकू दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण दोन-नवमांश आत घ्या. तिथे टेकवलं की स्वतःच्या वजनाने येणारा झोल सगळ्यात कमी राहतो. वर दोन्ही टोकांना सारख्या १० मिमीच्या स्लिप (नेमक्या जाडीचे स्टीलचे ठोकळे) ठेवून त्यावर स्ट्रेट एज (अगदी सरळ कडेची पट्टी) ठेवा आणि मधे किती मिमीची स्लिप जाते ते बघा. आमच्याकडे ९.८५ ची जेमतेम गेली. म्हणजे १५ शतांशाची कमान.

हे मोजमाप सकाळी करा. हा सल्ला मी पंचांग बघून देत नाहीये. मे महिन्यात बडोद्याची पत्र्याची शेड दुपारी किती तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको. टेबलाचं वरचं अंग खालच्यापेक्षा फक्त २ अंशांनी गरम झालं, तरी १२०० लांब आणि ८० जाड टेबलाला जवळजवळ ५ शतांशांची कमान येते. खिडकीतून ऊन पडत असेल तर दुपारचं मोजमाप फेकून द्या.

कमान येते कुठून

दोन जागांहून, आणि दोन्ही एकाच दिशेने. खालची पृष्ठं मधे झिजतात, कारण व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) मधे, जॉब मधे, ऑपरेटर मधे. त्या झिजलेल्या पृष्ठावर टेकवून वरचा भाग ग्राइंड केला, की झीज वर उमटते.

दुसरं कारण वरचे ठोके. कास्टिंग आदळणं, स्पॅनर टाकणं, जॉब बसवायला स्टीलच्या हातोड्याने ठोकणं, या प्रत्येक ठोक्याने त्या जागचं बीड इंचभर नाही तर केसभर पसरतं. हजारो ठोक्यांनी वरचं कातडं लांबतं, खालचं आहे तेवढंच राहतं, टेबल वर फुगतं. लोहार पत्र्याला ठोकून वाटीचा आकार देतो, तोच प्रकार, फक्त वीस वर्षांत.

वेल्डिंगने उलटं होतं. वेल्ड थंड होताना आकसतं आणि त्या जागी टेबल खाली ओढतं. म्हणजे आमच्या टेबलात कमान होती आणि मधल्या स्लॉटपाशी एक खोलगट जागाही होती.

दुरुस्तीचा क्रम

क्रम चुकला तर सगळं चुकतं, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी ऑइल स्टोनने वरचे उठलेले काठ बसवले. मग टेबल ग्राइंडरच्या बेडवर तीन टेकूंवर ठेवलं. क्लॅम्प फक्त टेकूंच्या बरोबर वर, आणि प्रत्येक क्लॅम्प कसताना शेजारी डायल. काटा हलला की थांबायचं, क्लॅम्प सोडायचा, खाली शिम (पातळ पत्रा) घालायची, पुन्हा कसायचं. दोन तास यातच गेले. ग्राइंडिंगवाला वैतागला, पण मी तिथून हललो नाही.

पहिल्यांदा वरचं ठोके खाल्लेलं कातडंच काढलं, ०.२ मिमी. टेबल सोडून खालची बाजू पुन्हा मोजली तर कमान १५ शतांशांवरून १० वर आलेली. ठोक्यांचा ताण सुटला की टेबल स्वतःहून थोडं सरळ होतं, म्हणून हा पहिला कट कच्चा समजायचा आणि इथे फिनिश करायचं नाही. मग टेबल उलटं करून, पुन्हा तीन टेकूंवर, खालची सरक-पृष्ठं आणि डोव्हटेल (टेबल सरकतं ती तिरक्या बाजूंची खाच) सरळ केले. आता पाया झाला. मग पुन्हा सुलटं करून वरचा भाग त्या पायाला समांतर फिनिश केला आणि त्याच सेटिंगमध्ये मधल्या स्लॉटची भिंत डोव्हटेलला समांतर आहे का तेही बघून घेतलं. ती नसेल तर व्हाइसची खुंटी स्लॉटमध्ये बसवून केलेलं प्रत्येक काम तिरकं येणार.

खालून जे काही निघतं, तेवढं टेबल खाली उतरतं, आणि त्याबरोबर लीड स्क्रूही (टेबल सरकवणारा स्क्रू). स्क्रू टेबलाच्या टोकांच्या ब्रॅकेटमध्ये, नट सॅडलमध्ये. पाव मिलिमीटरने टेबल उतरलं की टोकाकडे स्क्रू जड फिरायला लागतो, आणि मग लोक नटला दोष देतात. मी सॅडलच्या पृष्ठांवर टर्साइटच्या (घसरत्या प्लास्टिकच्या) पट्ट्या चिकटवून उंची परत मिळवली. पट्टी चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवायची, मग टेबलाला ब्लू (टेकणारी जागा दाखवणारा निळा रंग) लावून सॅडल घासायचं आणि स्क्रेपरने खरवडत जायचं. २५ मिमीच्या चौकोनात दहा-बारा ठिपके सारखे पसरून आले की पुरे. वीस आणायचा हट्ट धरू नका, हे काही सरफेस प्लेट नाही. माझे आजोबा कलाभवनात शिकले. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या त्या शाळेचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान. स्क्रेपिंगबद्दल ते एवढंच म्हणायचे की हात दुखायला लागला की ब्लू कमी लावा, जास्त नाही. ब्लूचा थर जाड झाला की नसलेले ठिपकेही दिसतात.

टी-स्लॉटची कड

ही पुन्हा पुन्हा का तुटते हे मला ऑपरेटरचा डबा उपडा केल्यावर कळलं. त्याचे टी-नट (टी-स्लॉटमध्ये सरकणारे नट) घरच्या घरी बनवलेले, आटे आरपार. स्टड (आट्यांचा दांडा) हाताने फिरवत गेलं की नटच्या खालून बाहेर येतो आणि स्लॉटच्या तळाला टेकतो. मग वरचा नट कसला की स्टड तळावर जॅकसारखा उभा राहतो आणि टी-नट कडेला वर उचलतो. जॉबवर पकड कमी, कडेवर जोर सगळा. एम १२ चा स्टड नीट कसला की सहज तीन टनांनी ओढतो. बीड दाब कितीही सोसेल, ताण नाही. ताणाची ताकद दाबाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीच. त्यात नट आखूड, म्हणजे सगळा भार इंचभर कडेवर.

उपाय फुकट आहे. प्रत्येक टी-नटच्या खालच्या तोंडाशी सेंटर पंचने तीन ठोके मारा. शेवटचा आटा दबतो आणि स्टड खाली उतरत नाही. विकत मिळणाऱ्या चांगल्या टी-नटला शेवटचा आटा मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो, तो याचसाठी. त्यात कुणी टॅप फिरवून "साफ" केला असेल तर बघून घ्या. आमच्याकडे दोन तसे निघाले.

तुटलेली कड पुन्हा वेल्ड केली नाही. निकेल रॉडने, आधी गरम करून, इंच-इंच टाके घालत, राखेत हळू थंड करत बीडाचं वेल्डिंग होतं, मी ते नाकारत नाही. पण सरळ केलेल्या टेबलाला तेवढी उष्णता देणं म्हणजे केलेली मेहनत चुलीत घालणं. शिवाय घाईच्या वेल्डशेजारची पट्टी काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. आमची कड तिथूनच तुटत होती. कानस तिच्यावर नुसती घसरायची.

मी जुन्या वेल्डसकट तो भाग मिलिंग करून काढला, ९० मिमी लांब खाच, दोन स्लॉटमधल्या भरीव अंगापर्यंत रुंद. त्यात बीडाचाच ठोकळा घट्ट बसवला, त्याला नवी कड आधीच कापलेली. भरीव अंगात तीन एम ८ चे ॲलन बोल्ट उभे, डोकी पृष्ठाखाली, आणि दोन डॉवेल (जागा पक्की धरणाऱ्या पिना). सांध्यात धातुमिश्रित इपॉक्सी, भार घ्यायला नाही, कूलंट आत जाऊ नये म्हणून. हे काम शेवटच्या फिनिश ग्राइंडिंगच्या आधी करायचं, म्हणजे ठोकळा टेबलाबरोबरच सपाट होतो. एवढं करूनही ती जागा मूळ कडेइतकी दणकट नाही. तिच्या दोन्ही टोकांना पृष्ठावर लाल खूण केलीय आणि तिथे मुख्य क्लॅम्प लावायचा नाही असं सांगून ठेवलंय. तडा डोव्हटेलपर्यंत गेलेला असता तर मी हात जोडले असते आणि दुसरं टेबल शोधायला सांगितलं असतं.

भोकांचं फार मनाला लावून घेऊ नका. खड्ड्याने जॉब बिघडत नाही, त्याच्या उठलेल्या काठाने बिघडतो. काठ स्टोनने बसवला की चंद्रकोरीचा चर दिसायला वाईट, कामाला ठीक. बर (धातूचा कीस) अडकते म्हणून मोठी भोकं तेवढी भरली. टेपर रीमर (भोक निमुळतं करणारं हत्यार) मारून बीडाची खुंटी हलक्या हाताने ठोकली आणि सपाट केली. जोरात ठोकली तर शेजारचं बीड उचलतं आणि नवा उंचवटा तयार होतो. एक खुंटी मी तशी ठोकली, ती परत काढावी लागली.

बाकीचं रोजचं. खडबडीत कास्टिंगखाली पातळ पत्रा किंवा प्लाय, स्टीलच्या जागी पितळी किंवा नायलॉनचा हातोडा, सकाळी सरक-पृष्ठांना ६८ नंबरचं तेल. क्लॅम्पची मागची टेक जॉबपेक्षा किंचित उंच, स्टड जॉबच्या जवळ. आणि व्हाइस दर पंधरवड्याला हलवायचा, म्हणजे झीज एका जागी साठत नाही.

टेबल बसवून आठ महिने झाले. परवा लेव्हल घेऊन गेलो. दोन्हीकडे एकेक भाग, ६०० च्या ठोकळ्यात एक शतांशाच्या आतबाहेर. पण व्हाइस पुन्हा मधोमध. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "काका, दिवा तिथेच आहे ना." खरंच की. मशीनचा दिवा आखूड तारेवर मधेच लटकत होता. मालकाला सांगून तार दोन मीटर वाढवून दिली.